अंगणातली चिमेनेआ: आणली तर आहे, आता पुढे?

अंगणवेडी

मंडळी, नमस्कार. आजवर पाककृती विभागात लुडबुड केली, घर-बाग विभागात हा पहिलाच धागा. सांभाळून घ्या.

आम्ही टेक्सासात, सॅन अँटोनियोच्या जरा बाहेर राहतो. परवा लारेडोहून परत येताना हमरस्त्याला लागून मातीच्या सामानाचं भलंमोठं आवार दिसलं. कुंड्या, हसरे सूर्य, बेडूक, आणि मागे रांगेनं उभ्या चिमेनेआ. ज्यांनी पाहिली नसेल त्यांच्यासाठी: रांजणाच्या पोटाला समोरून तोंड पाडा, वर निमुळती लांब मान लावा आणि सगळं लोखंडी तिपाईवर बसवा. तोंडातून लाकडं घालायची, धूर मानेतून वर. आमची तिपाईसकट माझ्या खांद्याला लागते. नवरा म्हणत होता, शेकोटीच हवी तर खड्डा खणू, फुकटात होईल. पण मी तिच्यासमोरून हललेच नाही.

विकणारे आजोबा फक्त स्पॅनिश बोलत होते. पैसे मोजून झाल्यावर त्यांनी बोटाच्या पेरानं तिच्या पोटावर टकटक केलं (आपण माठ घेताना करतो अगदी तसं), मला आवाज ऐकवला आणि तीनदा म्हणाले, "पोको आ पोको." हळूहळू. एवढं स्पॅनिश मला येतं. पण काय हळूहळू? गाडी? मी मान डोलावली आणि निघालो.

घरी उतरवताना नवऱ्यानं ती मानेला धरून उचलली. आता मान जिथे पोटाला मिळते तिथे केसासारखी रेघ दिसतेय. आधीची की आमची कृपा, देव जाणे. दिवाळीला तीन आठवडे आहेत, दहा माणसं फराळाला अंगणात बसणार आहेत. त्याच दिवशी थाटात पेटवावी असा बेत आहे. चालेल ना? आत काही घालायचं असतं का? की सरळ लाकडं टाकायची आणि काडी ओढायची?

पेठकर

तेवढ्या पैशांत शेगडी, पोतंभर कोळसा आणि वर चितळ्यांची बाकरवडी आली असती. असो. फोटो टाका, त्याशिवाय धागा ग्राह्य धरला जाणार नाही.

टेक्सासकर

ताई, थांबा! दिवाळीला पहिल्यांदा पेटवलीत तर फटाक्यांचा खर्च वाचेल, एवढंच सांगतो. आजोबांचं "पोको आ पोको" गाडीसाठी नव्हतं, जाळासाठी होतं.

नवी चिमेनेआ हळूहळू तापवून सवयीची करावी लागते. आधी आत वाळू किंवा बारीक खडी घाला, तीन-चार इंच, तोंडाच्या उंबऱ्याच्या जरा खाली राहील इतकी. निखारे थेट तळाच्या मातीवर बसता कामा नयेत. वर दोन विटा आडव्या ठेवा, लाकडं त्यांच्यावर, मागच्या भिंतीला टेकवायची नाहीत. पहिला जाळ म्हणजे कागदाचे बोळे आणि बोटभर जाडीच्या चार काड्या. पंधरा-वीस मिनिटांत संपला पाहिजे. मग पूर्ण गार होऊ द्यायची, हात लावून बघायचं. दुसऱ्या दिवशी काड्या थोड्या वाढवायच्या. असे पाच जाळ झाले की मग मनगटाएवढं लाकूड. विझवायला पाणी कधीही मारायचं नाही, जाळ आपला आपण मरू द्यायचा. आणि रॉकेल, पेट्रोल, बार्बेक्यूचं ते लायटर फ्लुइड, काहीही शिंपडायचं नाही. कोळशाच्या ब्रिकेटही नकोत, त्यांची धग या मातीला झेपत नाही.

आता माझी कर्मकथा. मी ऑस्टिनला. माझी चिमेनेआ चार हिवाळे मजेत चालली. मग २०२१ चा फेब्रुवारी आला. टेक्सासातल्या सगळ्यांना आठवत असेल: वीज गेली, नळ गोठले, पारा उणे दहाच्या खाली. आधीच्या आठवड्यात पाऊस होऊन गेला होता, आणि मी तिच्या डोक्यावर झाकण घातलेलं नव्हतं. आतली वाळू पाणी पिऊन बसलेली. तिसऱ्या दिवशी खिडकीतून पाहतो तर मागच्या बाजूनं पंजाएवढी खपली निघून बर्फात पडलेली. ऊन आल्यावर जाऊन हात लावला, तर पोटाला आडवी चीर गेलेली आणि मानेसकट वरचा अर्धा भाग टोपी उचलावी तसा माझ्या हातात आला.

त्या थंडीत बायको म्हणाली होती की आत आणून पेटवू, धुराडं आहेच की. मी नाही म्हटलं, आणि आयुष्यात बायकोचं न ऐकल्याचा तेवढा एकच फायदा झाला. ते धुराडं उघडतं कुठे? आपल्याच हॉलमध्ये! त्याच दिवसांत ह्यूस्टनकडे लोकांनी घरात कोळशाच्या शेगड्या पेटवल्या, गॅरेजमध्ये गाड्या चालू ठेवून आत बसले, आणि कार्बन मोनॉक्साइडनं माणसं गेली. ही बाहेरची वस्तू आहे. घरापासून दहा फूट लांब, वर पत्रा-मांडव काही नको, झाडाची फांदीही नको. लाकडी डेकवर ठेवणार असाल तर खाली फरशी हवीच.

अंगणवेडी

बाप रे. बरं झालं विचारलं. काका, उद्यापासून काड्या गोळा करते. त्या रेघेचं काय पण?

मृत्तिका

मी पुण्याजवळ मातीकामाचा स्टुडिओ चालवते. चिमेनेआ कधी घडवली नाही, पण माती शेवटी माती.

अंगणवेडी, आजोबांनी टकटक केली तशी आता तुम्ही करा. पोटावर, मग रेघेच्या वर, मग रेघेच्या खाली. सगळीकडे खणखणीत आवाज आला तर रेघ वरवरची आहे. एखाद्या जागी भद्द, फुटक्या माठासारखा आला तर चीर आरपार आहे. नवऱ्याला म्हणावं, सुगडं कुणी काठाला धरून उचलत नाही, तळहातावर घेतं. मान ही नंतर जोडलेली असते, ओल्या मातीच्या गाऱ्यानं. अख्ख्या भांड्यात तो सांधा सगळ्यात कच्चा. दोघांनी मिळून बुडाखाली हात घालून उचलायची, तिपाई वेगळी न्यायची.

मुळात ही भांडी कमी आचेवर भाजलेली असतात, हजार अंशांच्या आतबाहेर. चिनी मातीसारखी ती काचेच्या वाटेला जात नाहीत, छिद्रं उघडी राहतात. माठात पाणी गार होतं ते याच छिद्रांमुळे. लोकांना वाटतं छिद्रं म्हणजे कच्चेपणा. उलट आहे. आगीसमोर हीच माती तगते. आतली बाजू तापून फुगते, बाहेरची गार असते, दोघींची ओढाताण होते. घट्ट, काचेसारखी भिंत असती तर चीर एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत सुसाट गेली असती. इथे ती वाळूच्या कणाशी किंवा एखाद्या पोकळीशी जाऊन अडते. म्हणून तर आपले कुंभार मातीत घोड्याची लीद आणि राख मळतात: भट्टीत लीद जळते, पोकळ्या मागे राहतात. मेक्सिकोत मेतेपेक नावाचं कुंभारांचं गाव आहे, तिथे याच कामासाठी पाणकणसाचा कापूस मातीत मिसळतात.

पण जी छिद्रं आगीत वाचवतात तीच पावसात घात करतात. भिंत पाणी पिते. ओली चिमेनेआ एकदम तापवली की आतल्या पाण्याची वाफ होते, तिला निघायला वेळ मिळाला नाही तर ती भिंत फोडून निघते. गोठली तर पाणी नऊ टक्क्यांनी फुगतं, आणि टेक्सासकरांची खपली पडते. पहिले पाच जाळ म्हणजे दुसरंतिसरं काही नाही, आतली ओल निवांतपणे बाहेर काढणं. आजी नवी चूल घालायची तेव्हा सावलीत वाळवून, पोतेरं फिरवून, पहिल्या दिवशी फक्त दूध उतू घालण्यापुरता जाळ करायची. पूजा होतीच, पण चूलही वाचायची.

बाहेरून सील करून घ्या. फरशीचं मेण किंवा ॲक्रिलिक सीलर, कोरड्या आणि गार भांड्यावर. तापून ते उडतं, त्यामुळे वर्षातून एक-दोनदा पुन्हा. आतून काही लावू नका.

पेठकर

मृत्तिकाताईंचा प्रतिसाद वाचून माठावर प्रेम जडलं. अंगणवेडी, फोटो?

शब्दवेडा

अवांतर, पण राहवत नाही. स्पॅनिश चिमेनेआ आली फ्रेंच शेमिनेवरून, ती उत्तरलॅटिन कामिनाता वरून, आणि त्याच्या मुळाशी ग्रीक कामिनोस, म्हणजे भट्टी. इंग्रजी चिमनी याच घरातली. म्हणजे गिरणीची चिमणी, कंदिलाच्या काचेची चिमणी, आजोळची रॉकेलची चिमणी आणि ताईंच्या अंगणातली बया, सगळ्या सख्ख्या-चुलत बहिणी. उडणाऱ्या चिमणीचा मात्र या खानदानाशी संबंध नाही. इंग्रजीत हिला चिमिनिया म्हणतात. ताईंनी मूळ उच्चार लिहिला म्हणून अर्धा गुण जास्त.

ग्वादालाहाराची_वारी

दोन वर्षं कंपनीच्या कामासाठी ग्वादालाहाराला होतो. जवळच तोनाला म्हणून गाव आहे, कुंभारांचंच. दर गुरुवारी आणि रविवारी रस्त्यावर बाजार भरतो, त्याला तियांगिस म्हणतात. शब्द स्पॅनिशांच्या आधीचा, नावात्ल भाषेतला. दोन्ही बाजूंना मातीचा माल, मधून चालायला हातभर जागा. तिथली एक दालचिनी रंगाची माती आहे, तिच्या माठातल्या पाण्याला पहिल्या पावसाचा वास येतो. मी एक माठ मांडीवर घेऊन विमानानं आणला. आईनं पाणी पिऊन "आपल्यासारखंच तर आहे" म्हणून वाटेला लावलं.

एक गोष्ट मात्र सांगायला हवी. बाजारात चिमेनेआ दिसायच्या, पण मी ज्यांच्या घरी जेवलो त्यांच्यापैकी कुणाच्याही अंगणात ती नव्हती. जुन्या काळी त्या भागात हिचा उपयोग घरातच, ऊब आणि स्वयंपाक दोन्हीसाठी व्हायचा असं सांगतात. आता मोठं गिऱ्हाईक सीमेच्या वर आहे. त्यांच्या रोजच्या वापरातल्या वस्तू वेगळ्याच. एक अनाफ्रे, म्हणजे शब्दशः आपली कोळशाची शेगडी, तो शब्द अरबीतून स्पेनमार्गे आलेला. आणि खेड्यात त्लेकुइल: तीन दगड, मध्ये जाळ, वर कोमाल. कोमाल म्हणजे मातीचा सपाट तवा. त्यावर चुन्याच्या निवळीचा हात फिरवतात, म्हणजे तोर्तिया चिकटत नाही. मित्राची आजी मक्याचा गोळा हातावर थापायची तेव्हा मला बसल्या जागी भाकरीचा वास यायचा. मका वेगळा, ज्वारी वेगळी, पण थापण्याचा आवाज तोच.

मेक्सिको सिटीला गेलात तर मानववंशशास्त्राच्या राष्ट्रीय संग्रहालयात उएउएतेओत्ल बघा. नावाचा अर्थच म्हातारा देव. मांडी घालून बसलेला, सुरकुतलेला, पाठीत वाकलेला, आणि डोक्यावर दगडी अग्निपात्र. माझ्या लेखी पहिली चिमेनेआ तीच. अॅझ्टेक लोक दर ५२ वर्षांनी राज्यातले सगळे विस्तव विझवायचे, चुलीचे दगड आणि जुनी भांडी टाकून द्यायचे आणि डोंगरावर नवा अग्नी पाडून तो घरोघर न्यायचे. शेवटचा सोहळा १५०७ साली झाला. पुढच्या वेळेपर्यंत स्पॅनिश येऊन सगळं आटोपलं होतं.

लीड्सवाली

आमच्या गल्लीत एके काळी घराआड एक चिमेनेआ होती. आता त्यातल्या निम्म्यांमध्ये पुदिना उगवतो, माझीही त्यातलीच. इंग्लंडचा पाऊस आणि टेक्सासकरांनी सांगितलेलं गोठणं, दोन्ही मिळून तीन हिवाळ्यांत निकाल. ज्यांनी ऑक्टोबरात गॅरेजमध्ये नेऊन ठेवली त्यांची अजून धडधाकट आहे. प्लास्टिकमध्ये घट्ट गुंडाळू नका, आत घाम धरतो.

इकडे १९५२ च्या लंडनच्या काळ्या धुक्यानंतर १९५६ ला क्लीन एअर ॲक्ट आला, धूरबंदीचे विभाग ठरले. चिमेनेआ त्या विभागातही चालते, घराच्या धुराड्यातून धूर जात नसेल तर. पण शेजाऱ्यानं धुराची तक्रार केली तर कौन्सिल विचारायला येतं. आमचा शेजारी वाळत घातलेल्या चादरी दोरीवरून काढून आणून आमच्याच दारात हुंगायचा.

बे_एरियातून

आणि इकडे हवा खराब असल्याचा "स्पेअर द एअर" इशारा लागला की लाकूड जाळायला बंदी, घरात नाही आणि अंगणातही नाही. पेटवण्याआधी आपापल्या गावचा नियम बघा.

सोलापूरकर

लाकूड कुठलं वापरता हो?

टेक्सासकर

वर्षभर वाळलेलं ओक, पिकान किंवा मेस्किट. दोन तुकडे एकमेकांवर आपटले तर टणटण वाजले पाहिजेत. ज्याला इथे सीडर म्हणतात ते खरं ज्युनिपर, ते फटफट ठिणग्या उडवतं, नको. धुराड्याच्या तोंडावर जाळी बसवा. पाइननं मान काजळीनं भरते. पलीकडे न्यू मेक्सिकोत पिन्योन जाळतात, तोही पाइनच, पण वास असा की काजळी माफ. त्याच्या बिया चिलगोज्यासारख्या खातात.

आणि सोलापूरकर, मेस्किट म्हणजे तुमच्या वेड्या बाभळीची बहीण. वेडी बाभूळही मूळची मेक्सिको-दक्षिण अमेरिकेकडची, एकोणिसाव्या शतकात तिकडे आणून लावली.

सोलापूरकर

काय सांगता! आमच्याकडं तिच्याच कोळशावर धाबे चालतात, आणि तिच्याच नावानं शेतकरी बोटं मोडतो. तिकडं विकत घेता होय?

टेक्सासकर

पिशवीत भरून, वजनावर.

रायगडकर

ताई, माझा फुकटचा सल्ला. फराळाला चिमेनेआ नसली तरी बिघडत नाही, पोपटी लावा. मडक्यात भांबुर्डा नावाच्या रानझुडपाचा पाला, वालाच्या शेंगा, बटाटे, अंडी, वरून पाला, मडकं उपडं आणि भोवती जाळ. टेक्सासात भांबुर्डा मिळणार नाही, हे मात्र आहे. मडकं चिमेनेआच्या आत ठेवायला जाऊ नका, दोन्ही हातचे जातील.

अंगणवेडी

अपडेट. तीन जाळ झाले.

पहिल्या दिवशी धूर मानेतून जायचा सोडून तोंडातून माझ्याच अंगावर. डोळे चुरचुरले, नवरा खिडकीतून हसतोय. मग लक्षात आलं की मान गार होती, आतली हवा वर ओढलीच जात नव्हती. कागदाचा पेटता बोळा चिमट्यात धरून आतून मानेखाली नेला, अर्धा मिनिट. एकदम 'हुऽऽ' असा बारीक आवाज झाला आणि धूर सरळ वर गेला. त्यानंतर तोंडासमोर हात धरला तर गार वारा आत जाताना बोटांना जाणवतो. आतमध्ये जाळ आणि बोटांना वारा! मी मुलीला बोलावून चार वेळा दाखवलं.

दुसरा जाळ ठीक. तिसऱ्याला नवऱ्यानं हौसेनं धुराड्यावर चहाचं पातेलं ठेवलं. वाट बंद, धूर पुन्हा तोंडातून. चहा झाला नाही.

टकटक केली, मृत्तिकाताई. पोट खणखणीत. रेघेच्या वर मात्र आवाज जरा बसका. आणि तिसऱ्या जाळात "टिक्" असं ऐकू आलं. रेघ आता बोटभर लांब झाली आहे.

मृत्तिका

जाळ थांबवा. दोन दिवस पूर्ण गार आणि कोरडी होऊ द्या. रेघेत ब्रशनं धूळ काढा, बाहेरून फायर सिमेंट (आगीत टिकणारं) बोटानं दाबून भरा, ओल्या फडक्यानं पुसून घ्या. डबीवर लिहिलंय तेवढं वाळू द्या, घाई नको. मग पुन्हा काड्यांपासून सुरुवात, चौथ्यापासून नाही. साधा सिमेंट लावू नका, तो तापला की पोपडा धरून पडतो. रेघ मानेत आहे, पोटात नाही, हे तुमचं नशीब. वजन पोट पेलतं, मानेला फक्त धूर न्यायचा असतो.

पेठकर

दिवाळीचं काय मग?

अंगणवेडी

दिवाळी झाली. सांगते.

सिमेंट भरलं, पुन्हा पाच जाळ केले, रेघ जागची हलली नाही. पाडव्याच्या संध्याकाळचा बेत ठरला. मेस्किट आणलं, भरताची वांगी आणली. दुपारी शेजारीण सांगत आली, काउंटीनं जाळबंदी लावली आहे, महिनाभर पाऊस नाही, गवत वाळून काडी झालंय. फोन केला. चिमेनेआला चालतं का, म्हटलं. एकानं दुसऱ्याकडे पाठवलं, दुसऱ्यानं सांगितलं की आज वारा आहे, नकाच. दहा माणसं सहाला येणार!

शेवटी मुलीनं आत विटांवर पाच पणत्या ठेवल्या. तोंडातून उजेड बाहेर, अंगणात एक लांबट पिवळा पट्टा, आणि मानेतून अगदी बारीक धुराची दोरी. सासूबाई व्हिडिओ कॉलवर म्हणाल्या, तुळशीवृंदावन छान आहे गं, फक्त तुळस कुठे? वांग्यांचं भरीत गॅसवर झालं.

टेक्सासकर

पणत्यांचं तेल आत सांडलं असेल तर ती वाळू बदला. पुढच्या वेळी भडका उडेल.

अंगणवेडी

बदलली, काका. आणि परवा मोठा पाऊस झाला, बंदी उठली. दोन दिवस तिला पत्र्याच्या झाकणाखाली वाळवली, काल रात्री खरा जाळ केला. मेस्किटचे तीन तुकडे. पाठ गार आणि गुडघे तापलेले, असं तीन तास. वांगं तोंडाशी निखाऱ्यावर ठेवलं, साल तडतडून सुटली, पण एका बाजूनं कच्चं राहिलं. फिरवायला चिमटा लांब हवा होता. सकाळी हात लावला तर पोट अजून कोमट होतं.

पेठकर

फोटो??

अंगणवेडी

काढला होता. काळोखात नुसतं एक लाल तोंड आलंय. तेच टाकू का?

पेठकर

टाका.